काकूंचं रीडिंग

रेडिओकाकांच्या दुकानात रेडिओ येणं बंद होऊन एक जमाना झाला. आता येतात ते लॅपटॉप, आणि तेही बहुधा बाकीच्यांनी हात टेकल्यावर. तरी गल्लीला ते रेडिओकाकाच. टेबलाच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला उंच स्टुलावर काकू आणि मधे मीटर, ही मांडणीही रेडिओच्या काळातलीच.

या मांडणीला कारण होतं. काकांना काम शिकवणाऱ्या वस्तादांचा दंडक होता की मीटरचं टोक हातात असताना नजर टोकावरून हलवायची नाही. रेडिओच्या उघड्या पेटीत हात घसरला की शॉक ठरलेला. मग मीटरचा काटा बघणार कोण? लग्न नवीन होतं. काकू एका दुपारी डबा घेऊन आल्या, "मी सांगू का?" म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. रेडिओचे व्हॉल्व्ह तापले की दुकानभर गरम धुळीचा वास पसरायचा, काचेत नारिंगी उजेड हळूहळू चढायचा आणि काकू काट्यावर नजर रोखून आकडे सांगायच्या. मधेच खरखर थांबून गाणं लागलं की दोघं एकमेकांकडे बघायची, जणू गाणारा आपल्याच घरचा. त्या दुपारी काकांना अजून वासासकट आठवतात.

पुढे टीव्ही आले, मग लॅपटॉप. काट्याच्या जागी पडद्यावर आकडे उमटू लागले. शॉकची भीती गेली, पण टोक केसभर सरकलं तरी शेजारची चिप जळायची. म्हणून नजर टोकावर आणि आकडा काकूंच्या तोंडी, ही पद्धत तशीच राहिली.

गेले काही महिने मात्र गाडं अडलं होतं. लॅपटॉपचा बोर्ड टेबलावर यायचा, सगळी मापं बरोबर निघायची आणि बोर्ड काही चालू व्हायचा नाही. गिऱ्हाईक तो पिशवीत घालून परत न्यायचं. आपलं डोकं चालेनासं झालं, असं काकांनी मनाशी ठरवून टाकलं. भाचीचा बिघडलेला लॅपटॉप यायचा होता त्या सकाळी ते काकूंना म्हणाले, "आजचा चालू झाला तर ठीक. नाहीतर शटर कायमचं खाली ओढायचं. लोकांच्या वस्तूंशी खेळ नको."

काकू काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात भाची आत आली.

"मामा, बटण दाबलं की दिवा नाही, पंखा नाही. मेल्यासारखा पडलाय."

"मेला नाही गं, रुसलाय," काका म्हणाले.

"मग तुमच्याच जातकुळीचा," काकू म्हणाल्या.

काकांनी बोर्ड बाहेर काढून चार्जर जोडला. काळं टोक कडेच्या स्क्रूच्या कड्याला लावलं आणि लाल टोक एकेका जागी टेकवू लागले.

"चार्जरची लाइन."

"एकोणीस व्होल्ट."

"पाचची लाइन."

"पाच पॉइंट शून्य पाच."

"मामी, पाढे म्हटल्यासारखं म्हणताय की!" भाची हसली.

"पाढेच आहेत ते."

"आणि ही बघ," काका लाल टोकानं भाचीला एक चौकोनी कॉइल दाखवू लागले, "ही तीन पॉइंट तीनची. बटण दाबायच्या आधीच इथं वीज तयार लागते. ही नसेल तर बटण दाबलेलं बोर्डाला कळतच नाही."

"तीन पॉइंट तीन. बरोबर," काकू म्हणाल्या.

काकांची नजर टोकावर गेली. लाल टोक बोर्डापासून वीतभर वर, हवेत होतं.

त्यांनी मान वर केली. काकू मान पुढे काढून, डोळे बारीक करून मीटरकडे बघत होत्या. याच डोळ्यांना एकेकाळी काट्याची नुसती थरथरही दिसायची. हल्ली सुईत दोरा ओवायला त्या शेजारणीकडे जातात हे काकांना आता आठवलं.

"बाळ, कोपऱ्यावरून चहा घेऊन ये," त्यांनी भाचीला पिटाळलं. मग टोक कॉइलवर टेकवून मीटर स्वतःकडे फिरवलं. शून्य.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अगं, टोक हवेत होतं."

काकूंनी चष्मा काढून उगाच पुसला. "धुकं पडल्यासारखं दिसतं हो. पण कुठं किती हवं ते मला पाठ आहे. म्हटलं, बहुतेक जागी बरोबरच असतं."

"सगळं बरोबर असतं तर माणूस दुरुस्तीला कशाला आणेल?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते बाजारात आलेलं बोलणारं मीटर आणलं असतंत. मी घरी बसून भिंतींना आकडे सांगू?" त्यांनी चष्मा परत चढवला. "तुम्ही स्वतःला बोल लावत होतात. रोज जिभेवर यायचं आणि रोज मी ते गिळायचे."

"मी डोक्याच्या डॉक्टरकडे जाणार होतो!"

"जायचं होतं. काही सापडलं नसतं."

काकांना हसावं की चिडावं कळेना. ते कामाला लागले. वीज काढून कॉइलपाशी मोजलं, तर लाइन कुठंतरी शॉर्ट झालेली. बोर्डावर स्पिरिट शिंपडून लाइनला बेताचा करंट दिला. एका तिळाएवढ्या कपॅसिटरवरचं स्पिरिट सगळ्यांत आधी उडालं. तोच तापत होता, तोच चोर. काकांनी तो उपटून भंगारातल्या बोर्डावरचा दुसरा लावला.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," चार्जर जोडत ते म्हणाले. "पण तू स्टूल सोडायचं नाही. आकडा मी वाचतो, बरोबर की चूक ते तू सांग."

"तुम्हाला पाठ नाहीत?"

"लाइनींची नावं पाठ आहेत, कुठं किती खालीवर चालतं ते तुलाच ठाऊक. मी जन्मभर टोकच बघत आलो." त्यांनी टोक टेकवलं आणि मीटरकडे बघितलं. "दोन पॉइंट नऊ."

"चूक. नीट टेकवा, हात हलला असेल."

"तीन पॉइंट तीन."

"हं. दाबा आता बटण."

भाची चहा घेऊन आली तेव्हा पंखा भिरभिरत होता आणि काकू काकांच्या हातात फोन कोंबत होत्या. "परत गेलेत त्या सगळ्यांना बोलवा. आत्ता."

काकांनी पहिला नंबर लावला. "हां, रेडिओकाका बोलतोय. तो बोर्ड परत घेऊन या... होईल, होईल. त्या वेळी काय झालं, आमचं मीटर जरा..."

"मीटर कोणाला म्हणता?" स्टुलावरून आवाज आला.