अकरा वर्षांची झावळी

राखेच्या बुधवाराआधीच्या आठवड्यात ताईबाई कापडी पिशवी घेऊन घरोघर जातात. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून नेलेली झावळीची पट्टी लोक वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवतात. ती परत मागायची. मंगळवारी संध्याकाळी सगळ्या जाळायच्या आणि बुधवारी तीच राख फादर कपाळांवर लावतात. हे काम ताईबाईंना कोणी दिलेलं नाही. जळगावच्या एका मिशनच्या शाळेत त्या एकतीस वर्षं आया होत्या. निवृत्त झाल्यावर सकाळ रिकामी पडली, म्हणून सुरू झालं.

जे दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला, मिस्साला येतात ते झावळी स्वतःच आणून देतात. ताईबाई जातात ते न येणाऱ्यांकडे. तिथे झावळी नसणार हे त्यांना ठाऊक असतं.

"झावळी आहे का?"

"नाही हो अक्का, गेल्या वर्षी जमलंच नाही."

"बरं, चहा तरी आहे का?"

मग बसायचं. गुडघे, सुना, पाण्याचा टँकर. कुणाच्या मुलाचा क्लास रविवारी असतो, कुणाची ड्युटी, कुणाला झोप रविवारीच मिळते. देवाशी कुणाचं भांडण नाही, नुसती सवय तुटलेली. ताईबाई देवाचं नाव काढत नाहीत. उठताना सांगतात, "मंगळवारी भरीत आहे, या." तुटलेली सवय उपदेशाने नाही, जेवणाने जुळते, असं त्यांचं मत.

भरिताची कल्पना त्यांचीच. उपवासकाळाआधीची शेवटची संध्याकाळ. चर्चच्या मागे कापसाच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची. पहिल्या वर्षी फादर घाबरले होते. "ताईबाई, वांग्यांची राख पवित्र राखेत मिसळली तर?"

"मिसळू द्या फादर, तेवढीच कपाळाला चव."

तरी झावळ्यांसाठी वेगळं घमेलं आलं.

फेरीतलं शेवटचं घर पिंप्राळ्यातलं, दीपकचं. ताईबाई त्याच्या धर्ममाता. बाप्तिस्म्याला त्यांनीच त्याला हातात धरलं होतं. त्याची आई मार्था त्यांची मैत्रीण. जाताना ती म्हणाली होती, "याला सोडू नकोस." तिला मातीला देऊन आल्यावर दीपक चर्चला आला नाही. त्याला अकरा वर्षं झाली. दर वर्षी तो चहा पाजतो, येतो म्हणतो आणि येत नाही. या जूनमध्ये ताईबाईंची मुलगी त्यांना धुळ्याला नेणार होती. पुढच्या वर्षी फेरी नव्हती.

दीपकचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे.

"काय रे, जित्ता शे ना?" ताईबाईंनी पायरीवरून अहिराणीत विचारलं.

"शे ना, अक्का." दीपकने पंपातून डोकं वर काढलं नाही. "झावळी नाही. चहा आहे."

"पाठ झालंय तुला."

त्याची बायको मोनाली चहा घेऊन आली. ती नशिराबादकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. तिचे देव वेगळे, पण घरात त्यावरून कधी आवाज चढला नव्हता. एरवी ती चहा ठेवून आत जायची. या वेळी थांबून तिने विचारलं, "झावळी म्हणजे ती वाळलेली पट्टी का? क्रुसासारखी दुमडलेली?"

ती आत गेली आणि सासूच्या फोटोमागून एक काढून घेऊन आली. पिवळी, कडक, पण धूळ नाही.

"दर दिवाळीला पुसून परत ठेवते. मला वाटलं, जन्मभर जपायची असते."

दीपकने हात पँटला पुसले, मग ती घेतली. "आईने दुमडलेली आहे. टोकाला गाठ तीच मारायची."

ताईबाईंचा हात पिशवीच्या तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला.

"वर्षाने परत करायची असते रे. उशीर झाला, पण दंड नाही."

"मग घेऊन जा."

"पिशवीत जागा नाही."

मोनालीने वाकून पाहिलं. "अक्का, पिशवी तर रिकामी..."

"तू चहा ओत."

"जळून जाईल ही," दीपक म्हणाला.

"जळेलच. नाहीतर राख कशाची करायची? तूच आण. वांगी ठेचायलाही माणूस कमी आहे."

धुळ्याचं त्यांनी सांगितलं नाही.

मंगळवारी चाळीसेक माणसं आली. ताईबाईंनी आधीच बजावलं होतं, "इतके दिवस कुठे होतात असं जो विचारील त्याला भरीत नाही." सात वाजता फादर घमेल्यापाशी आले. "सुरू करू या?"

"थोडं थांबा. वांगी कच्ची आहेत."

वांगी केव्हाच फुटली होती. फादरनी ती पाहिली आणि ते थांबले.

सव्वासातला स्कूटर आली. मागे मोनाली, तिच्या मांडीवर स्टीलचा डबा. दीपकने डब्यातून झावळी काढली, घमेल्यात बाकीच्यांवर ठेवली आणि फादरनी काडी लावली. ती एका श्वासात जळाली. तो तिथेच उभा राहिला.

"आला का?" ताईबाई मागे न वळता म्हणाल्या. "बस ठेचायला."

तो बसला. दोनदा वाढून घेतलं.

बुधवारी सकाळच्या मिस्साला ताईबाईंनी शेवटचे बाक तीनदा पाहिले. दीपक नव्हता. त्यांनी राख लावून घेतली, घरी आल्या, दिवसभर कपाट आवरलं.

रात्री आठला मोनालीचा फोन आला. "अक्का, हे संध्याकाळच्या मिस्साला जाऊन आले. कपाळ तसंच ठेवून दुकानात बसलेत. गिऱ्हाईक विचारतंय, शिवरात्र तर रविवारीच झाली, आज कुठे जाऊन आलात?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाले, आमची आज असते."

"आमची म्हणाला?"

"हो. का?"

"काही नाही." ताईबाईंनी फोन ठेवला, खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि धुळ्याला न्यायच्या सामानात न ठेवता धुवायला टाकली. ती पिंप्राळ्याला, दीपककडे द्यायची होती.