खोडलेले सपाट आकडे

स्पष्टच सांगते, मला तिचा मत्सर वाटायचा. थोडाथोडका नाही, नुसता जळफळाट व्हायचा. आम्ही दोघी एमएस्सीला, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये एकाच टेबलावर. मी शहरातल्याच सावेडीची, स्कूटीवरून यायचे, घरचा गरम डबा खायचे. ती राजूरच्या पुढच्या, डोंगरातल्या एका वाडीवरची, हॉस्टेलला राहणारी, दोनच ड्रेस आलटून पालटून घालणारी. आणि आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम मात्र ऊठसूट तिलाच विचारणार! त्यात मॅडमच्या प्रोजेक्टवर एकच जागा निघाली. दोघींनाही ती हवी होती. शेवटच्या प्रॅक्टिकलचं जर्नल, म्हणजे पक्की वही, बघून ठरवीन, असं मॅडम म्हणाल्या.

प्रॅक्टिकल असं: फ्लास्कमध्ये ई. कोलाय बॅक्टेरिया सोडायचे. त्यांना खायला थोडं ग्लुकोज आणि भरपूर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. दर पंधरा मिनिटांनी थोडा नमुना काढून मशिनवर बघायचं, किती गढूळ झालाय. जितका गढूळ, तितके बॅक्टेरिया वाढले. ती आकडा वाचायची, मी कच्च्या वहीत लिहायचे.

सकाळभर आकडे छान चढले. दुपारी थांबले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, आकडा हलेना.

"मेले गं सगळे!"

"मेलं न्हाईत गं," ती म्हणाली. "ग्लुकोज संपलंय. ते हुतं तवर लॅक्टोज पचवायचं जीन बंदच ठिवत्यात. आता ते चालू करून एन्झाइम बनवायचं, तर येळ लागनारच की."

हे सगळं मॅडमनी वर्गात शिकवलं होतं. ताटात पुरणपोळी असताना भाकरीला कोण हात लावतंय, इतकं साधं. पण सांगितलं तिनं ना! म्हणून मला पटलं नाही. म्हटलं, आली मोठी शहाणी. थोड्या वेळानं आकडा पुन्हा चढायला लागला, तरी माझं आपलं तेच. फ्लास्क हलवत ठेवणारा शेकर मध्येच बंद पडला असणार, काहीतरी बिघडलं असणार.

आमच्याकडे एक रीत होती. सीनियरचं जुनं जर्नल मिळवायचं आणि आपला ग्राफ त्यातल्यासारखा दिसेपर्यंत आकडे 'बसवायचे'. जवळजवळ सगळेच बसवायचे. मला मिळालेल्या जर्नलमधला ग्राफ झकास होता, खालून वर एका दमात चढलेला. तो नुसत्या ग्लुकोजवरचा आहे, हे वाचायची तसदी कोण घेतो! मी मधले सपाट आकडे उडवले आणि रेघ थेट वर नेली. तिच्या ग्राफला मध्येच पायरी, माझा कसा सुळसुळीत. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

दोन दिवसांनी मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन्ही जर्नलं उघडी.

"फ्लास्क एक, रीडिंग एक. मग ग्राफ दोन कसे?"

तिनंच चुकीचं वाचलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात मॅडमनी कच्ची वही पुढे सरकवली. सपाट आकडे ओळीनं तिथेच होते.

"अक्षर तुझंच ना?"

मी मान डोलावली. ती शेजारी खाली बघत उभी होती.

"जे बघायला दिवसभर बसलात," मॅडम म्हणाल्या, "नेमकं तेवढंच खोडलंस."

जागा तिला मिळाली. बाहेर जिन्यात तिनं माझा हात धरला. "मी मॅडमना ईचारते. तू पन ये ना माझ्यासंगं मदतीला. मला एकटीला लई जड जाईल."

माझ्यावर दया! आणि तीही हिनं करायची! मी हात सोडवून घेतला. "मला नकोच होती ती जागा," म्हणाले आणि तरातरा निघून आले.

आता मी नागापूरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. कुणी विचारलं तर अजूनही तेच सांगते. खोटं आहे ते. मला हवी होती, जीव तुटेस्तोवर हवी होती. आणि ती तिचीच होती, हे मला त्या केबिनमध्येच कळलं होतं. अजून सहन होत नाही ते एवढंच.