उलट्या टोकाचा नंबर

आमच्या शॉपमध्ये टाक्या बनायच्या. वाफेच्या, तेलाच्या, दाबाच्या हवेच्या. अशा टाकीचा जोड फुटला तर माणूस जातो. म्हणून परवाना असलेल्या प्रत्येक वेल्डरला सरकारी बोर्डाकडून एक नंबर मिळे आणि त्या नंबरचा पोलादी पंच. जोड पुरा करायचा, वरची खपली ठोकून काढायची, ब्रश मारायचा, डोळ्यांत तेल घालून तपासायचा. मग जोड जिथे संपला त्या टोकाला पंच ठेवायचा आणि हातोडीचा एक घाव घालायचा. एकच. दोन घाव घालणारा कच्चा. नंबर शेवटाला का, तर काम संपल्याशिवाय कुणी सही करू नये म्हणून. माझा नंबर सतरा. एकतीस वर्षं मी तो मारला.

घुम्या आला तेव्हा त्यातली सत्तावीस झाली होती. घुम्या हे नाव शॉपने पहिल्या आठवड्यात ठेवलं. विचारल्याशिवाय तो बोलत नसे आणि विचारलं तरी फार नाही. पस्तिशीचा गडी, खांदे रुंद, चाल दमलेल्या माणसाची.

मालकांनी मला बाजूला घेतलं. "हा आतून आलाय."

"कुठून आतून?"

"मिस्त्री, आत एकच असतं. ग्राइंडिंगला लावा. वेल्डिंगचा होल्डर हातात देऊ नका, परवाना नाही त्याच्याकडे."

चौथ्या दिवशी डबा खाताना त्याने आपणहून सांगितलं. सामाईक भिंतीवरून शेजाऱ्याशी वाद झाला होता. हातात लोखंडी गज होता. शेजाऱ्याचा एक डोळा गेला. सात वर्षांची शिक्षा, साडेपाच भोगून सुटला.

"प्यायला होतास?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"राग आला होता."

एवढंच. दारूवर ढकललं असतं तर मी त्याला ग्राइंडरवरसुद्धा टिकू दिलं नसतं. ज्याला आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर घालायची सवय असते, त्याचा जोड कधी ना कधी गळतो.

वर्षभर त्याने घासकाम केलं. ग्राइंडर हे कंटाळ्याचं काम. ठिणग्या गळ्यातून आत शिरतात, संध्याकाळी नाक शिंकरलं तर काळं येतं, आणि काम चांगलं झालं तर कुणाला दिसत नाही. तो कधी कुरकुरला नाही. एकदा दुपारच्या सुट्टीत ढकलगाडीचा मोडलेला पाय कुणीतरी जोडून ठेवलेला दिसला. मी अंगठा फिरवला. लाट एकसारखी, कडेला कुठे चर नाही.

"हे कुणी केलं?"

तो उभा राहिला. "मी. चुकलं."

"चुकलं नाही, तेच विचारतोय. कुठे शिकलास?"

"आत. खाटा बनवायचो. दहावीपण तिथेच केली."

दुसऱ्या दिवशी मी त्याला होल्डर दिला. घुम्या डावखुरा. सरावाला त्याने जोडलेली पहिली सपाट पट्टी मी जोड खराब म्हणून कापायला लावली. दुसरीही. अकराव्या पट्टीला मी काही बोललो नाही, तेव्हा त्याने विचारलं, "कापू?"

"नको."

आता माझी बाजू सांगतो, ती लपवून चालणार नाही. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि दुपारनंतर हात थरथरे. मालकांना हे माहीत नव्हतं. घुम्याला रीतसर शिकाऊ म्हणून नोंदवलं असतं तर तो माझ्या देखरेखीखाली उजळ माथ्याने जोड करू शकला असता. पण त्या नोंदीला पोलिसांचा दाखला लागे. मालक म्हणाले, "भानगड नको." मीही म्हणालो, नको. दुपारनंतरचे जोड तो करू लागला, नंबर मी मारत राहिलो, मालकांनी काणाडोळा केला. सतरा. मी त्याच्यावर उपकार करतोय असं मनाशी म्हणत होतो. खरं तर माझी नोकरी तो चालवत होता. अशी अडीच वर्षं गेली.

एका रविवारी त्याच्या बहिणीने मला घरी बोलावलं. ती थोरली. पुढच्या खोलीत तिची शिलाई मशीन, मागे इस्त्रीचं टेबल. त्याच टेबलावर तो अभ्यास करायचा. कपड्यांचे गठ्ठे उचलले की पुस्तकं, पुस्तकं उचलली की गठ्ठे. तिने माझ्यापुढे एक फुगलेली फाइल ठेवली.

"मिस्त्री, याच्या अर्जांनी मी आता उशी भरू शकेन."

"ताई," घुम्या म्हणाला.

"ताई काय? सांगू दे. नऊ नंबरचा रकाना आहे सगळ्यांत. 'पूर्वी शिक्षा झाली आहे का?' पहिल्या कारखान्यात यानं लिहिलं 'नाही'. आठ महिने नोकरी केली. पोलिसांकडून कागद आला, फाटकातून बाहेर. दुसरीकडे लिहिलं 'हो'. अजून उत्तर येतंय. मग तंत्रविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गासाठी रकाना कोराच ठेवला. त्यांनी अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवला. तीन उत्तरं असतात एका प्रश्नाला, तिन्ही देऊन झाली."

"चौथं नाही," घुम्या म्हणाला. "आता 'हो'च लिहिणार."

हा चौथा अर्ज वेल्डरच्या परवान्याचा. परवाना मिळाला तर त्याचा स्वतःचा नंबर होणार होता आणि तंत्रविद्यालयही परवानाधारकाला वर्गात घेत असे. अटी दोन: दहावी पास, आणि दोन वर्षांचा अनुभव, कुठला जोड कुणाचा ते नोंदणाऱ्या शॉपच्या जोडवहीच्या उताऱ्यासह. शिवाय परवाना चाळिशीच्या आत काढायचा. घुम्याला अडतीस संपून सहा महिने झाले होते.

मी फाइल मिटली. जोडवहीत त्याचा एकही जोड नव्हता. अडीच वर्षं प्रत्येक ओळीत सतरा.

"ती वर्षं धरली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून," त्याची बहीण म्हणाली. "तोवर चाळीस उलटणार. मला एवढंच कळतं, मिस्त्री. शिवणात मापच चुकलं तर उसवून उपयोग नसतो."

"मी पत्र देतो. चांगला कामगार आहे म्हणून."

तिने फाइल उचलून गठ्ठ्यांखाली ठेवली. घुम्या टेबलाच्या कडेचा दोरा तोडत होता. मी घरी आलो आणि पत्र लिहायला बसलो. चांगला कामगार! असं पत्र तर ढकलगाडीलाही देता येईल.

'हो' लिहिल्यामुळे बोर्डाने त्याला समक्ष बोलावलं. शॉपकडून एक माणूस हवा होता. मालकांनी मला ऑफिसात घेऊन दार लावलं.

"तुमचे निवृत्तीला चार महिने राहिलेत. जा, चांगला माणूस आहे म्हणा, या. जोडांचं तोंडातून काढू नका. तुमचा नंबर जाईल, शॉपला नोटीस येईल. कशासाठी? विकतचं दुखणं कशाला?"

मी हो म्हणालो. खरं सांगतो, हो म्हणालो.

बोर्डाच्या कचेरीत लाकडी बाक होतं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. आम्ही दोन तास बसलो. घुम्याने धुतलेला शर्ट घातला होता. बहिणीने कॉलर उलटून नवी केली होती. मी विचारलं, "भीती वाटते?"

"नाही. कंटाळा आलाय," तो म्हणाला. "तीच गोष्ट नव्या माणसाला सांगायचा."

आत एक निरीक्षक बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी नऊ नंबरच्या रकान्यावर बोट ठेवलं. घुम्याने सांगितलं: गज, डोळा, राग. मला सांगितलं होतं तेवढंच, तेवढ्याच शब्दांत.

"तो माणूस आता कसा आहे?"

"एका डोळ्याने आहे, बाई. मी गेलो होतो. त्यानं दार उघडलं नाही."

बाईंनी काही लिहिलं आणि शॉपची जोडवही पुढे ओढली. "शिक्षा झाली म्हणून परीक्षेला बसता येत नाही असा नियम नाही. पण अनुभव? इथे तुमच्या नावावर एक जोड नाही. अडीच वर्षं तुम्ही काय केलंत?"

घुम्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित पत्रच पुढे केलं असतं.

"दुपारनंतरचे सगळे जोड त्याचे," मी म्हणालो. "नंबर मी मारला."

बाईंनी चष्मा खाली घेतला. "म्हणजे दुसऱ्याच्या कामावर तुम्ही स्वतःचा नंबर मारलात."

"हो."

"कशासाठी?"

"मला दिसत नव्हतं म्हणून. आणि त्याची नोंद करायला कुणी तयार नव्हतं म्हणून."

"तुमचं हे सांगणं खरं कशावरून? आपल्या माणसाला परवाना मिळावा म्हणून लोक काहीही सांगतात."

लोखंडावर नंबराशिवाय काही लिहिलेलं नसतं. तेव्हा घुम्या बोलला. "बाई, मी डावखुरा आहे. मिस्त्री डावीकडून उजवीकडे जोड करतात. मी उजवीकडून डावीकडे. नंबर संपतो तिथे मारायचा असतो. पण मिस्त्रींच्या हाताला उजव्या टोकाची सवय. माझ्या सगळ्या जोडांवर सतरा सुरुवातीला आहे."

एकतीस वर्षं हातोडी चालवून मला हे कळलं नव्हतं. जोडाच्या लाटा माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर बसतात. हात कुठून कुठे गेला ते आंधळाही चाचपून सांगेल. आणि मी रोज न बघता उलट्या टोकाला घाव घालत होतो.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बरोबर टोकाला मारला असता," तो म्हणाला. "मग माझं काहीच राहिलं नसतं."

बाई उठल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? चला, टाक्या दाखवा."

शॉपच्या आवारात आणि गिऱ्हाइकांकडे मिळून त्रेचाळीस टाक्या निघाल्या. बाईंनी बॅटरी धरून एकेक जोड पाहिला. त्याने सांगितलं ते खरं होतं. पण खरं निघालं म्हणून सुटका नव्हती. बिनपरवान्याचे जोड म्हणून त्रेचाळीसच्या त्रेचाळीस टाक्या पुन्हा दाबाला लावायचा हुकूम झाला. माझा नंबर त्या दिवशी रद्द झाला; पंच मी स्वतः टेबलावर ठेवला. मालक माझ्याशी बोलायचे थांबले.

शेवटचे पाच आठवडे घुम्या आणि मी टाक्यांत पाणी भरत होतो. पंप मारायचा, काटा वर चढला की थांबायचं, जोडावरून कोरडा कपडा फिरवायचा, ओला होतो का बघायचं. अर्धा तास थांबायचं. पाणी सोडायचं. पुढची टाकी. पाठ मोडून जाई. बेचाळीस टाक्या कोरड्या निघाल्या. एक गळली. गळक्या जोडावरचा सतरा बरोबर टोकाला होता. जोड माझा होता.

घुम्याने कपडा पिळला. मीच म्हणालो, "हस की मेल्या."

"हसलो असतो, मिस्त्री. ताकद नाही."

अडीच वर्षं धरली गेली. लेखी परीक्षेत तो पहिल्यांदा तीन गुणांनी नापास झाला, दुसऱ्यांदा पास. पट्टीच्या परीक्षेत परीक्षकाने त्याची पट्टी वाकवून वाकवून पाहिली. तडा गेला नाही. चाळिशीला दोन महिने असताना नंबर मिळाला, अठ्ठावन्न. मग त्याने दोन मोठ्या कारखान्यांत अर्ज केले. एकाने नऊ नंबरचा रकाना पाहून अर्ज परत केला, दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. आमच्या मालकांनी मात्र परवानावाला आयता मिळाला म्हणून ठेवून घेतला, पाठ थोपटून, जणू त्यांनीच शिकवला. संध्याकाळी तो तंत्रविद्यालयात जातो. वर्गातली पोरं त्याला काका म्हणतात. पहिल्या बाकावर बसतो आणि शेवटच्या तासाला पेंगतो, असं त्याची बहीण सांगते.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी एकदा शॉपमध्ये गेलो. त्याने वाफेची टाकी पुरी केली होती. डाव्या टोकाला अठ्ठावन्न, एकाच घावात. मी मधूनच अंगठा फिरवत गेलो. मध्यावर थांबलो. कडेला बोटभर लांबीचा बारीक चर होता.

"इथे," मी म्हणालो.

मालक मागे उभे होते. "एवढ्याशाने काय होतंय? दाबाला टिकलीय. गाडी यायची वेळ झाली."

घुम्याने वाकून पाहिलं. मग नंबराकडे पाहिलं. खांदे आणखी खाली आले त्याचे. सकाळपासूनचा अख्खा दिवस त्यात गेला होता.

"कापू?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? नंबर कुणाचा आहे?"

त्याने एक उसासा सोडला, काच डोळ्यांवर ओढली आणि ग्राइंडर उचलला.