पादचाऱ्यांच्या रकान्यातलं शून्य

मंडळी, आज सकाळी मारुतीचं दर्शन घेऊन हडपसरच्या एका चौकात थांबलो. तिथल्या सिग्नलच्या वेळा मीच सॉफ्टवेअरवर काढून दिल्या आहेत.

काठी टेकत निघालेल्या एक आजी निम्म्या रस्त्यात अडकल्या. हात धरून पलीकडे नेलं, तर म्हणाल्या, "सिग्नल बसवणाऱ्याला पाय न्हाईत व्हय रं?"

मोजणी फक्त गाड्यांची झाली होती, म्हणून पादचाऱ्यांच्या रकान्यात मी शून्य भरलं होतं आणि सॉफ्टवेअरने चालणाऱ्यांना जेमतेम काही सेकंद दिले होते. महिन्यापूर्वीच ते लक्षात आलं होतं, तरी राहू दिलं.

ऑफिसात वेळा बदलू म्हटलं, तर साहेब म्हणाले, "अहो, गाड्यांची रांग वाढेल. महापालिकेकडे वेळांचा रिपोर्ट गेलाय, राहू द्या आता."

राहू देऊन देऊनच थकलोय. तुमच्या चौकात चालणाऱ्यांना कोणी मोजतं का?

मी आज महापालिकेला माझी चूक लेखी कळवली आणि रिपोर्ट मागे घेतला.