खालचा सूर

गाणं सुरू झालं की ते उजवा कान तळहातानं झाकायचे, नजर जमिनीला लावायचे आणि माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "जा बिनधास्त वर, मी हाये खाली."

परतूरच्या पोस्टात आम्ही शेजारी बसायचो. ते टपाल लावायचे, मी खिडकीवर. आम्हा चौघांचा गाण्याचा ताफा होता; लग्नं, गणपती, निरोपसमारंभ, काही सोडलं नाही. गाण्याची चाल माझ्याकडे, म्हणून टाळ्याही माझ्याच. त्यांच्या वाट्याला खालचा सूर, माझ्या चालीला खालून आधार देणारा. तुम्ही तो एकटा ऐकला असता तर त्याला गाणं म्हणाला नसता.

रोज दाढी करताना ते घरी तोच घोकायचे. वहिनी मला म्हणायच्या, "वीस वर्षं झाले ऐकून राह्यले भाऊजी. ना शेंडा ना बुडखा. ह्यांना कशाला नेता सोबत?" मांडवातल्या भोंग्यातूनही वहिनींना माझाच आवाज ऐकू यायचा. ते हसून चहा प्यायचे. एकदा मात्र मला म्हणाले, "तिला एकडाव कळायला पायजे, माझं गाण्यात कुठं बसतं ते."

पन्नाशीला टेकल्यावर आम्हाला कॅसेट काढायची हुक्की आली. गिटार-ड्रमच्या गाण्यांची तेव्हा हवा होती. आम्हीही तसलंच एक बसवलं आणि औरंगाबाद गाठलं. एकच गाणं, कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, एकेकानं गा. काचेच्या खोलीत ते एकटे उभे राहिले आणि दोन ओळींत थांबले. "एकट्याचं न्हाई होत हो. ह्यांना शेजारी उभं करा, मंग गातो." शेवटी चौघं एकाच माइकभोवती गायलो. त्या पठ्ठ्यानं मला माइकच्या अगदी जवळ उभं केलं, त्यामुळं माझाच आवाज पुढं आला. मी सुखावलो, खोटं कशाला बोलू.

कॅसेट परतूरच्या बाहेर काही गेली नाही. वहिनींनी मात्र हातातलं काम टाकून, टेपला कान लावून दोन्ही बाजू ऐकल्या. मी तिथंच होतो. त्या म्हणाल्या, "ह्याच्यात तुमचा आवाज कुठंय?"

"खाली हाये," ते म्हणाले.

मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी पोस्टात त्यांनी माझीच पाठ थोपटली, "बराबर वर गेलात, ब्येस झालं." एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

ते गेले त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्धाची जेवणं उरकली आणि त्यांची मुलगी म्हणाली, "काका, बाबांचं गाणं म्हणा ना." आम्ही उरलेल्या तिघांनी सुरू केलं. वर जायची जागा आली आणि मी थांबलो. खाली कुणी नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. वहिनी परात पुसत उभ्या होत्या. दाढीच्या वेळचा तोच सूर, जसाच्या तसा, कुठं न चुकता. मी कान झाकला आणि वर गेलो.

गाणं संपल्यावर त्यांनी परात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "असं बसत होतं व्हय ते."