खिडकीवरचे बडे बाबू

आमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिका विभागात बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, कधी कोणावर ओरडले नाहीत. त्यांची शिस्त एकच होती: ज्याने गुणपत्रिका तयार केली, त्यानेच ती खिडकीतून विद्यार्थ्याच्या हातात द्यायची. इतर विभागांत हे काम शिपाई करायचा. त्यामुळे सगळे आम्हाला हसायचे, आणि खरं सांगते, मलाही हा नसता उपद्व्याप वाटायचा.

आमचं शहर हिंदी बोलणारं, पण बडे बाबू मूळचे नागपूरचे, म्हणून माझ्याशी मराठीत बोलत. नऊ वर्षांत मला बढती मिळाली नव्हती. मी कुरकुर केली की म्हणत, "ताई, बढती माझ्या हातात नाही. पगार महिन्यातून एकदा होतो. बाकीचे दिवस ढकलायला काहीतरी हवं ना? समोरचा चेहरा बघत जा." चेहरा बघून पोट भरतं का, असं मी मनात म्हणायचे.

एकदा इंद्रपुरीची एक मुलगी आली. प्रात्यक्षिकाला ती हजर असूनही मी तिला गैरहजर दाखवलं होतं, आणि नोकरीच्या अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. "आठ दिन बाद आना," मी सवयीने म्हणाले. बडे बाबूंनी ते ऐकलं. त्यांनी आपली खुर्ची उचलून माझ्या टेबलाशी आणून ठेवली. "बैठो बेटी, मॅडम आज ही कर देंगी." ती बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग काय, चार सह्यांसाठी मी तीन मजले पालथे घातले. संध्याकाळी नवी गुणपत्रिका हातात दिली, तर तिने ती दोनदा वाचली आणि हसत माझ्याकडे बघितलं. नेहरू नगरला घरी जाताना मी बसमध्ये उगाच हसत होते.

ते हसू काही दिवस पुरलं. बडे बाबू निवृत्त झाले आणि महिन्याभरात खिडकीवर शिपाई आला. सांगायला लाज वाटते, पण मी हुश्श केलं.

पुढे ते आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. अंथरुणावरूनच त्यांनी विचारलं, "खिडकीवर कोण देतं आता?"

"आम्हीच देतो, बाबूजी," मी धडधडीत खोटं बोलले.

त्यांचा चेहरा इतका खुलला की मला तिथे बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा गठ्ठा घेऊन मी खिडकीवर जाऊन बसले. आठवड्याभरात बडे बाबू गेले. आता माझं खोटं पकडायला कोणी नाही. तरी माझ्या गुणपत्रिका अजून मीच देते.