कन्नड कागद कोण वाचतंय?

माझी मुलगी चंद्रिका हट्टी आहे, हे तिच्या साहेबांचं म्हणणं मला मान्य आहे. बाकीचं नाही.

ती सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात काम करते. अकरा माणसं, एक कूलर आणि मालक सिद्धाराम सर. पुण्याला जा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, ती गेली नाही. मे महिन्यात तिचं प्रोबेशन संपणार होतं. सरांनी सही केली की नोकरी कायम. वळसंगच्या एका घरातून मागणी आली होती, ती मंडळीही त्या सहीसाठी थांबली होती. माझी नणंद महेश्वरी दर दोन दिवसांनी फोन करायची, "वहिनी, झाली का ओ चंद्री परमनंट?" मला तर त्या सहीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

काम होतं लहान मुलांच्या एका हॉस्पिटलचं. मूल घरी जाताना आईच्या हातात औषधांचा कागद द्यायचा, तिला वाचता येईल त्या भाषेत. मराठी, कन्नड किंवा इंग्रजी. अक्कलकोटच्या पलीकडून, कर्नाटकातल्या आळंद-इंडीकडून बायका पोरं घेऊन सोलापुरातच येतात, त्यांच्यासाठी कन्नड.

मी बी.एस्सी. झाले त्याला तीस वर्षं झाली. चंद्रिकानं समजावलं तेवढंच लिहिते. हॉस्पिटलची माहिती एक्सएमएल नावाच्या साच्यात येते. तिच्यापासून छापायचा कागद करणारा कोड म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन. तीन भाषांचे तीन. त्या माहितीतून मुलाचं वजन शोधायचं आणि डोस काढायचा, हे काम एक क्वेरी करते. ऑफिसची रीत अशी, की एक फाईल चालली की तिची कॉपी काढून पुढची करायची. त्यामुळे तीच क्वेरी तीन फायलींत तीनदा बसली होती.

मग डॉक्टरांनी कळवलं, भरती झाल्या दिवशीचं वजन धरू नका, शेवटचं धरा. कुणीतरी मराठी आणि इंग्रजी फाईल दुरुस्त केली. कन्नड राहिली. कागदावरचे कन्नड शब्द हॉस्पिटलनंच लिहून दिलेले; ऑफिसात कन्नड सगळे बोलतात, वाचत कुणी नाही. त्यात त्या कागदावर आकडेसुद्धा कन्नड, त्यामुळे नुसत्या नजरेनं ताडून बघायचीही सोय नाही. कागद छापून आला की चालला, एवढंच.

चंद्रिकाला वाचता येतं. माझं माहेर अफझलपूरचं, आमच्या स्वयंपाकघरात कन्नड कॅलेंडर असतं, त्यावर मी तिला शिकवलं. चाचणीसाठी एक खोटा पेशंट केला होता. अंगावर सूज घेऊन आलेलं मूल, तेव्हा वजन सोळा किलो. सूज उतरली, घरी जाताना बारा. मराठी कागद म्हणाला, औषध सहा मिली. कन्नड म्हणाला, आठ.

ती सरांकडे गेली. संध्याकाळी भाकरी खाता खाता तिनं मला सगळं सांगितलं.

"सर म्हणाले, एक ओळ बदल, तपासणीच्या कागदावर सही कर, सोमवारी देऊन टाकू."

"मग कर की."

"ओळ बदलली. सही नाही केली. पुढच्या वेळी नियम बदलला की परत तीन ठिकाणी कोण बदलणार? क्वेरी बाहेर एका मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची, आणि तिन्ही ट्रान्सफॉर्मेशननी तिथूनच बोलवायची. नियम एकाच जागी."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, बाहेरची फाईल सापडली नाही तर सगळंच बंद पडेल, बाईसाहेब. मी म्हटलं, पडू दे की. चुकीचा डोस छापण्यापेक्षा कोरा कागद बरा." ती हसली. "मग म्हणाले, तुझी सही नाही तर माझीपण नाही."

माझा घास तसाच राहिला. "चंद्री, कर बाई सही."

"अव्वा, सगळ्या ऑफिसात तू एकटी कन्नड वाचणारी असतीस, तर गप्प बसली असतीस?"

"हो. बसले असते."

"म्हणून तर मी बसत नाही."

रविवारभर ती लॅपटॉपसमोर होती. मराठी आणि इंग्रजी कागदांनी मॉड्यूलला विचारून बरोबर उत्तर आणलं. कन्नड अडला. त्याची फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये, त्यामुळे तिला मॉड्यूल सापडेना. दुपारी तीनला सापडलं. तिन्ही कागदांवर सहा मिली आलं. मी मात्र देवापुढे बसून तिची नोकरी मागत होते.

सोमवारी तिनं तिन्ही कागद सरांच्या टेबलावर ठेवले, जुना कन्नडही ठेवला, आणि दोन्ही कन्नड कागदांतल्या प्रत्येक आकड्याखाली पेनानं मराठी आकडा लिहिला. सरांनी दोन्ही कन्नड कागद शेजारी शेजारी धरून पाहिले.

"तुझ्या जागी दुसरी आणू शकतो मी."

"आणा की सर. फक्त तिला कन्नड वाचता आलं पाहिजे."

सरांनी मॉड्यूल घेतलं. हॉस्पिटलच्या मशीनवर ते चाललं, काम वेळेत गेलं, चंद्रिकानं तपासणीवर सही केली. सरांनी तिच्या नोकरीच्या कागदावर केली नाही. प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. पत्रात कारण होतं, 'वरिष्ठांच्या सूचना पाळत नाही.' ते वाचून चंद्रिका म्हणाली, "खरं आहे की," आणि जेवायला बसली. जुलैत डॉक्टरांनी आणखी एक नियम बदलला. तिनं एकाच जागी बदल केला, तिन्ही कागद बदलले. तरी सही नाहीच.

मला अजून झोप येत नाही. हे सहा महिने संपल्यावर काय, हा प्रश्न रोज उशाशी असतो. पण परवा वळसंगहून फोन आला. मुलाचे वडील गोड आवाजात म्हणाले, "मुलगी चांगलीच आहे ओ. जरा ऐकून घ्यायला शिकली, परमनंट झाली, की बघू."

त्यांना मी पत्रातलं कारण शब्दशः वाचून दाखवलं. मग सहा आणि आठ मिलीचं सांगितलं. ते म्हणाले, एवढ्यासाठी कुणी नोकरी पणाला लावतं व्हय?

"आमची लावते," मी म्हणाले. "तुम्ही नका बघू." आणि फोन ठेवला.